वही आपली, किल्ली दुसऱ्याची

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आम्हास धान्यबाजाराविषयी चार शब्द लिहिण्याची आज्ञा केली होती. ज्वारी, भात, तूर यांच्या भावाविषयी लिहिण्यास आम्हास अडचण नव्हती. उभा जन्म बेळगावच्या रविवार पेठेत काट्यापुढे बसूनच गेला आहे. परंतु गेल्या दोन वर्षांत आमच्या दुकानी असा एक प्रसंग घडला की, त्याची रुखरुख मनातून जात नाही. तो सभासद बंधूंच्या कानावर घालणे हे भावताव सांगण्यापेक्षा अधिक उपयोगाचे होईल, अशी विनंती आम्ही केली व मंडळाने ती मान्य केली. विषय संगणकाचा आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा या क्षेत्रातील जाणकारांनी आमची भाषा सांभाळून घ्यावी.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर खानापूर तालुक्यातील एक वृद्ध बाई आपल्या मुलास घेऊन दुकानी आल्या. त्यांचे यजमान हयात असताना दर सालचे भात आमच्याच आडतीवर घालीत. सन २००७ च्या हंगामातील पट्टीचे अठरा हजार रुपये त्यांनी आमच्याकडे ठेव म्हणून ठेवले होते. यजमान वारले आणि जुन्या ट्रंकेत ती चिठ्ठी सापडली. सही आमची होती, त्याविषयी शंका नव्हती. परंतु त्यानंतर त्या गृहस्थांनी मधून मधून काही रक्कम उचलली होती, असे आम्हास अंधुक स्मरत होते. किती व केव्हा, ते सांगता येईना. आम्ही तसे बोलून दाखविले, तेव्हा त्या बाई म्हणाल्या, "चिठ्ठीचं ऱ्हाऊ दे, अण्णा. तुमच्या वहीत आसंल ते खरं."

याहून मोठी पावती व्यापाऱ्यास कोणती मिळावयाची? परंतु ती वही आम्हास उघडता आली नाही.

सन २००१ ते २०११ पर्यंतचे आमचे सर्व हिशेब एका संगणक-प्रोग्रॅमवर होते. तो तयार करणाऱ्या पेढीने पुढे धंदा आवरला. आम्ही दुसरा प्रोग्रॅम घेतला आणि जुन्या फाइली एका तबकडीवर उतरवून तिजोरीत जपून ठेवल्या. वही जपली म्हणजे हिशेब जपला, अशी आमची समजूत. प्रत्यक्षात नवा प्रोग्रॅम जुनी फाइल ओळखीना, आणि जुना प्रोग्रॅम आजच्या यंत्रावर चालेना. आमच्या चिरंजीवांच्या ओळखीचा एक हुशार तरुण फाइलची उकल करून पाहण्यास तयार होता. तथापि त्याने आधी आमचा जुना करारनामा मागितला. त्यात स्पष्ट लिहिले होते की, फाइलची अंतर्गत मांडणी ही कर्त्याची मालमत्ता असून ग्राहकाने ती उकलू नये, अगर दुसऱ्याकडून उकलवून घेऊ नये. खाली आमचीच सही होती. परवानगी मागावी तर देणारा उरला नव्हता. तो तरुण संकोचला, आम्हीही भ्यालो, आणि तबकडी पुन्हा तिजोरीत गेली.

अखेर आम्ही चिठ्ठीबरहुकूम सर्व रक्कम व्याजासह बाईंच्या हवाली केली. परंतु जास्त दिले, की व्याजाच्या हिशेबात कमी दिले, हे आम्हास आजतागायत ठाऊक नाही. आमच्याच वहीतील सत्य आम्हासच वाचता आले नाही.

आता ही मांडणी म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगतो. रोजमेळात जमेची बाजू डावीकडे व नावेची उजवीकडे, ही रीत ज्यास ठाऊक आहे, त्यास कोणत्याही दुकानाचा रोजमेळ वाचता येतो. संगणकाची फाइल म्हणजे आकड्यांची एक लांबच लांब ओळ. त्यांपैकी कोणता आकडा तारखेचा, कोणता रकमेचा व कोणता खातेदाराच्या नावाचा, हे सांगणाऱ्या नियमांस संगणकवाले फॉरमॅट म्हणतात. ते नियम ज्या पुस्तिकेत लिहिलेले असतात, ती त्या फाइलची नियमपुस्तिका. पुस्तिका हाती नसली तर फाइल असून नसल्यासारखी. आणि पुस्तिका हाती असली तरी ती वापरण्याची परवानगी नसेल, तर काय म्हणावे?

आमच्या आजोबांच्या काळच्या चोपड्या मोडीत आहेत. आम्हास मोडी येत नाही. तरीसुद्धा काही वर्षांपूर्वी जागेच्या एका कामासाठी सन १९४३ च्या खतावणीची गरज पडली, तेव्हा गावातील एका निवृत्त शिक्षकांनी दोन दुपारींत हवे ते पान वाचून दिले. मोडी अवघड खरी, परंतु ती शिकण्यास कोणाची परवानगी लागत नाही. आजोबांची चोपडी आम्हास वाचता आली, आणि आमची स्वतःची वाचता आली नाही, या विपर्यासाने आम्ही चकित झालो. मग चिरंजीवांच्या मदतीने या विषयाची माहिती मिळवू लागलो, तेव्हा कळले की आमचे दुःख लहान आहे. याच कारणाने जगात फार मोठमोठे व्यवहार अडले होते.

त्यांपैकी एक कथा सांगण्यासारखी आहे. सन १९९६ मध्ये अमेरिकेत चलच्चित्रे तयार करण्याचा एक प्रोग्रॅम निघाला. तो मॅक्रोमीडिया नावाच्या कंपनीने विकत घेतला व त्यास 'फ्लॅश' हे नाव दिले. चित्र ठिपक्यांनी न साठविता रेघा व वळणे यांच्या मापांनी साठवावयाचे, ही त्यातील मुख्य युक्ती होती. त्यामुळे फाइल लहान होई आणि त्या काळच्या मंद टेलिफोन-तारेवरूनही चटकन पोहोचे. मुलांचे खेळ, शाळेचे पाठ, बाजारभावांचे आलेख, जाहिराती, सर्व काही त्यातून होऊ लागले. सन २००५ मध्ये यूट्यूब सुरू झाले, तेही आपली चित्रे फ्लॅशच्याच साहाय्याने दाखवी. या फाइलींचे नाव एस. डब्ल्यू. एफ.

मॅक्रोमीडियाने सन १९९८ मध्ये या फाइलीची नियमपुस्तिका प्रसिद्ध केली. हे वरकरणी औदार्यच होते. परंतु पुढे ती पुस्तिका ज्या कराराने मिळू लागली, त्यातील अट अशी होती: या पुस्तिकेच्या आधारे एस. डब्ल्यू. एफ. फाइल तयार करणारे प्रोग्रॅम खुशाल करावेत, मात्र ती फाइल वाचून दाखविणारा प्रोग्रॅम करू नये. म्हणजे लिहिण्यास सर्वांना मुभा, आणि वाचून दाखविण्याचा अधिकार एकट्या मालकाचा!

वाचकहो, यातील व्यापारी हिशेब आपणास सांगणे नको. एखाद्या अडत्याने साऱ्या पेठेस सांगावे की, माल हवा तितका आणून माझ्या वखारीत घाला, भाडे नाही, हमाली नाही. मात्र वखारीचे दार मीच उघडीन. प्रथम सर्वांस ही सोय वाटेल. माल वाढेल, वखारीची प्रतिष्ठा वाढेल. आणि एके दिवशी पेठेच्या ध्यानात येईल की, माल आपला असला तरी दार आपले नाही.

वाचून दाखविणारा प्रोग्रॅम मालक फुकट वाटीत असे, ही गोष्ट खरी. मालकाच्या बाजूने असेही सांगितले जाई की, दहाजणांनी दहा वाचक केले तर एकच चित्र दहा ठिकाणी दहा तऱ्हेने दिसेल आणि लोकांचा विश्वास उडेल. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु ज्या यंत्रांसाठी मालकाने वाचक तयार केला नाही, त्यांच्या धन्यांनी काय करावे? काही स्वतंत्र वृत्तीच्या कारागिरांनी 'ग्नॅश' नावाचा वाचक करावयास घेतला. त्यांना नियमपुस्तिका उघडण्याची सोय नव्हती. कारण उघडावयाची म्हणजे आधी करार मान्य करावयाचा, आणि मान्य केला की हातचे काम सोडावयाचे. तेव्हा तयार फाइली समोर ठेवून, त्यांचे वर्तन पाहून, एकेक नियम तर्काने शोधण्याचा मार्ग त्यांनी धरला. छापील कोश टेबलावर पडलेला असताना तो न उघडता भाषा शिकावी, तसाच हा उद्योग.

सन २००५ च्या अखेरीस अडोबी कंपनीने मॅक्रोमीडिया विकत घेतली. पुढे दि. १ मे २००८ रोजी अडोबीने ही अट उठविली. त्या दिवसापासून कोणीही ती पुस्तिका वाचून फाइल लिहिणारा अगर वाचणारा प्रोग्रॅम करू शकत होता. परंतु तोवर काळ पालटू लागला होता. सन २००७ मध्ये निघालेल्या आयफोनने फ्लॅशला जागाच दिली नाही. सन २०१७ च्या जुलैत अडोबीने फ्लॅश बंद करण्याचे जाहीर केले, दि. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याची देखभाल थांबविली, आणि दि. १२ जानेवारी २०२१ पासून त्या वाचकाने फ्लॅशचे काही दाखविण्याचेच नाकारले. दक्षिण आफ्रिकेच्या महसूल खात्याचे काही कर-फॉर्म फ्लॅशमध्ये होते. करदात्यांस ते भरता यावेत म्हणून त्या खात्यास स्वतःचा स्वतंत्र ब्राउझर काढून द्यावा लागला. ज्या सरकारने कर घ्यावयाचा, त्याच्याच कागदास दुसऱ्याच्या किल्लीचे कुलूप! 'रफल' नावाचा एक स्वतंत्र वाचक कारागिरांनी तयार केला आहे, आणि इंटरनेट अर्काइव्ह या संग्रहसंस्थेने सन २०२० च्या नोव्हेंबरात त्याच्या साहाय्याने जुने खेळ व चित्रे जतन करण्यास प्रारंभ केला. पुस्तिका आता मोकळी असल्याने असे काम उजळ माथ्याने करता येते. हेच काम आरंभापासून मोकळेपणे होऊ दिले असते, तर शेवटच्या दिवशी इतकी धावपळ झाली नसती, असे आम्हास वाटते.

आता याच अडोबी कंपनीची दुसरी वही पाहा. आपण ज्या पी. डी. एफ. स्वरूपात आज बिले, करपावत्या व बँकेची पत्रके पाठवितो, ते स्वरूप तिनेच सन १९९३ मध्ये काढले. त्याची नियमपुस्तिकाही तिने प्रसिद्ध केली, परंतु तेथे लिहिणाऱ्यास व वाचणाऱ्यास, दोघांसही मुभा दिली. मालकाचा वाचक होताच, शिवाय इतरांनी आपापले वाचक केले. सन २००८ च्या जुलैत हे स्वरूप आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या स्वाधीन होऊन त्यास आय. एस. ओ. ३२००० हा क्रमांक मिळाला. म्हणजे एकीकडे पंधरा वर्षे मोकळी असलेली वही जगाची झाली, आणि अवघ्या दोन महिन्यांच्या अंतराने दुसरीकडे बंद वहीचे कुलूप निघाले. पी. डी. एफ. आज घरोघरी आहे. फ्लॅश संग्रहालयात आहे. एवढ्या एका कारणानेच असे झाले, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पी. डी. एफ. किल्ली वाटूनही अडोबीचे दिवाळे निघाले नाही, हे आपल्यासारख्या धंदेवाल्यांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

येथे कोणी म्हणेल, ज्याने कष्ट केले त्याने आपली विद्या का जपू नये? प्रश्न रास्त आहे. आपल्या इतिहासातच त्याचे एक उदाहरण आहे. मूडबिद्रीच्या यात्रेस गेलेल्या सभासदांस तेथील धवला-जयधवलांच्या ताडपत्रांची महती ठाऊक असेलच. हळेकन्नड लिपीतील ती पत्रे तेथील मंडळींनी शतकानुशतके प्राणापलीकडे जपली. त्यांनी जपली नसती, तर ग्रंथच उरला नसता. हे ऋण फार मोठे आहे. परंतु दीर्घकाळ यात्रेकरूंस त्यांचे केवळ दर्शन घडे. नक्कल करून घेण्यास मनाई असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद, मुंबईचे शेठ माणिकचंद आदी व्यापारी गृहस्थांनी खटपट केली, द्रव्य उभारले आणि नकला करण्याचे काम सुरू झाले. पुढे सन १९३९ मध्ये प्रा. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून धवलेचा पहिला भाग छापून निघाला व कालांतराने सोळा भाग पूर्ण झाले. ताडपत्रे मूडबिद्रीसच राहिली, त्यांचा मान तसूभर उणा झाला नाही. उलट ज्यांनी जपले त्यांचे नाव देशभर झाले. जपणे हे पुण्य खरेच. परंतु वाचू देण्यावाचून जपण्याचे सार्थक होत नाही, हे आपल्याच पूर्वीच्या शेठजींनी ओळखले होते.

फ्लॅशच्या नियमपुस्तिकेचे असेच झाले. दर्शनास खुली, वापरास बंद. आमच्या हिशेबाच्या फाइलीचे तर दर्शनही दुर्लभ होते.

आमच्या प्रसंगाचा शेवट सांगावयाचा राहिला. गेल्या वर्षी कराच्या कामानिमित्त एका वकील गृहस्थांकडे जाणे झाले असता सहज ही हकीकत निघाली. ते म्हणाले की, सन १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात सन १९९९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये एक सवलत आली आहे. प्रोग्रॅम वैध रीतीने ज्याच्या ताब्यात आहे, त्याने दुसऱ्या स्वतंत्र प्रोग्रॅमशी त्याचा मेळ बसविण्यासाठी लागणारी आवश्यक माहिती मिळविली, आणि ती माहिती अन्य मार्गाने सहज उपलब्ध नसली, तर तेवढी कृती कॉपीराइटचा भंग ठरत नाही. करारातील शब्दांचा प्रश्न निराळा, तो प्रसंग पाहून ठरवावा लागतो. परंतु इतके घाबरण्याचे कारण नव्हते, असे त्यांचे मत पडले.

आम्ही उत्साहाने घरी आलो, तिजोरीतून तबकडी काढली व त्या तरुणास बोलाविले. त्याने दोन-तीन यंत्रांवर ती घालून पाहिली. इतक्या वर्षांत तबकडीच खराब झाली होती. ती काही केल्या वाचेना. कायदा समजला तेव्हा वही उरली नव्हती. मुभा उशिरा मिळाली म्हणजे काय होते, हे फ्लॅशवाल्यांप्रमाणे आम्हासही कळले.

दोष सर्वस्वी त्या पेढीचा, असे म्हणून आम्ही हात झटकीत नाही. करारनाम्यावर सही करताना आम्ही तो वाचला नव्हता. आमचे जुने दिवाणजी दरमहा खतावणी छापून बांधून ठेवीत असत. कागदाचा व शाईचा खर्च वाचविण्यासाठी तो रिवाज आम्हीच बंद केला. वर्षाकाठी हजार-बाराशे रुपये वाचले असतील. त्या बाईंसमोर मान खाली घालावी लागली, त्याचा हिशेब कोणत्या खात्यात मांडावा?

सभासद बंधूंनी आमच्या ठेचेवरून शहाणे व्हावे, एवढ्याचसाठी आता काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, हिशेबाचा कोणताही प्रोग्रॅम घेण्यापूर्वी विक्रेत्यास एकच प्रश्न विचारावा: "उद्या तुमची आमची फारकत झाली, तर आमचे सर्व हिशेब दुसऱ्या कोणासही वाचता येतील अशा स्वरूपात काढून मिळतील काय?" होकार आला तर तो लेखी घ्यावा आणि त्याच बैठकीत काढून दाखविण्यास सांगावे. धान्याची मूठ हाती घेतल्यावाचून आपण पोत्याचा भाव करीत नाही, मग येथेच का करावा?

दुसरी गोष्ट, दर वर्षअखेरीस रोजमेळ व खतावणी दोन स्वरूपांत काढून ठेवावी. वाचण्यासाठी पी. डी. एफ., आणि पुन्हा आकडेमोडीसाठी सी. एस. व्ही.; यात आकडे केवळ स्वल्पविरामाने वेगळे करून साध्या मजकुरात लिहिलेले असतात, त्यास कोणाचे कुलूप नसते. वस्तू व सेवा कर कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब सांभाळणे बंधनकारक आहे. सांभाळणे म्हणजे अधिकाऱ्याने मागितल्यास दाखविता येणे. न उघडणारी फाइल दाखविता येत नाही.

तिसरी गोष्ट, एकाच तबकडीवर विसंबू नये. दोन ठिकाणी दोन प्रती ठेवाव्यात, आणि दर पाडव्यास वहीपूजनाच्या वेळी मागील सालाची एक तरी फाइल प्रत्यक्ष उघडून पाहावी. आपल्या घरी श्रुतपंचमीस शास्त्रांची बासने सोडून, पुसून, पुन्हा बांधण्याचा प्रघात आहे. त्यामागील शहाणपण हेच आहे.

चौथी गोष्ट, शेतकऱ्याची ठेव, उसनवार आणि येणेबाकी यांची छापील यादी वर्षातून एकदा काढून तीवर सही करून ठेवावी. कागद महाग झाला तरी विश्वासाहून स्वस्तच आहे.

आपल्या केंद्र सरकारनेही सन २०१० च्या नोव्हेंबरात सरकारी संगणक-व्यवहारासाठी मुक्त मानकांचे धोरण जाहीर केले. मानकाची नियमपुस्तिका सर्वांस उपलब्ध असावी आणि तिच्या वापरास स्वामित्वशुल्क नसावे, हा त्याचा आशय आहे. सरकारी दप्तरासाठी जे तत्त्व योग्य, ते आपल्या दप्तरासाठी अयोग्य कसे असेल? आपल्या असोसिएशनने या दृष्टीने सभासदांसाठी कराराच्या अटींचा एक साधा मराठी नमुना तयार करावा, अशी आमची कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे. एकटा दुकानदार विक्रेत्याशी घासाघीस करू शकत नाही. दोनशे दुकाने मिळून विचारू लागली, तर उत्तर देणे भाग पडते.

त्या बाईंचा मुलगा यंदाही भात घेऊन आमच्याच दुकानी आला होता. पट्टी केली, रक्कम दिली, आणि नोंद संगणकात घालून तिची छापील प्रत त्याच्या हाती ठेवली. दुसरी प्रत आमच्या लाल पुठ्ठ्याच्या चोपडीत चिकटविली आहे. ती उघडण्यास कोणाची किल्ली लागत नाही.

चूकभूल द्यावी घ्यावी.